पावणेचार, सहा की बारा इंच? ॲक्शन फिगरची उंची कशावरून ठरते

प्रश्न असा आहे: एकाच पात्राच्या ॲक्शन फिगर्स पावणेचार, सहा, सात, बारा अशा वेगवेगळ्या इंचांत का येतात, कंपन्या ही उंची कशी ठरवतात, आणि नवी लाइन, म्हणजे एकाच मापातल्या फिगर्सची मालिका, काढणाऱ्या छोट्या कंपनीने कोणते स्केल घेऊन कुठे विकावे?

उंचीचा निर्णय फिगरकडे बघून होत नाही. पहिली फिगर घेतल्यावर गिऱ्हाइकाने पुढे काय घ्यावे असे कंपनीला वाटते, त्यावर तो होतो. कपडे विकायचे असतील तर बारा इंच, वाहने आणि तळ विकायचे असतील तर पावणेचार, आणि पुढची फिगरच विकायची असेल तर सहा किंवा सात. प्लॅस्टिक, सांधे, खोका, जहाजभाडे ही बाकीची गणिते याच्या मागून येतात. हा प्रश्न न सोडवता "सहा इंच सध्या चालतंय" म्हणून साचे कापायला दिले की दुसऱ्या वर्षी अडचण होते.

जी. आय. जो या एकाच नावाने तिन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९६४ साली हा खेळण्यातला सैनिक आणला तेव्हा तो बारा इंची होता, म्हणजे १:६, खऱ्या माणसाच्या एक षष्ठांश. बार्बी १९५९पासून साडेअकरा इंचांत होती आणि बाहुली एकदा घरात गेली की पुढची विक्री कपड्यांची असे. हॅस्ब्रोने तेच गणित मुलग्यांकडे नेले: एक सैनिक, आणि त्याच्यासाठी गणवेश, बूट, हत्यारे यांचे वेगळे संच. बारा इंचांत खरे कापड शोभते, बटण लागते, लहान मुलाच्या बोटांना बाही चढवता येते. आठ इंचांपर्यंतही कापड निभते. मेगो कंपनीने १९७२पासून आठ इंची सुपरहिरो काढले ते ठरावीक शरीरावर डोके आणि कपडे बदलून. त्याहून लहान मापात शिवणीची जाडीच डोळ्यांत खुपते आणि कपडे बहुतेकदा प्लॅस्टिकमध्येच कोरतात. कपडे कोरले की कपड्यांची वेगळी विक्री संपली.

१९७३च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महागले. बारा इंची जो १९७६मध्ये थांबला. १९८२ साली तो परतला तो पावणेचार इंचांत, आणि तोवर धंदा पार बदलला होता: सैनिक स्वस्त, कमाई रणगाडे, जीप आणि विमानांवर. १९८५चे यूएसएस फ्लॅग हे विमानवाहू जहाज साडेसात फुटांच्या आसपास लांब होते. २०२०मध्ये क्लासिफाइड या नावाने तोच जो सहा इंचांत आला. आता गिऱ्हाईक मोठ्या वयाचे, एकेक पात्र जमवून फळीवर मांडणारे. या मापात मोठे वाहन दुकानात ठेवणे इतके जड जाते की याच लाइनमधल्या हिस रणगाड्यासाठी २०२२मध्ये हॅस्ब्रोला आगाऊ नोंदणीचा मार्ग घ्यावा लागला.

आता आकडे. सहा फुटी माणूस म्हणजे ७२ इंच. १:६ला तो १२ इंच होतो, १:१२ला ६, १:१८ला ४. पावणेचार इंची फिगर १:१८ने मोजली तर माणूस साडेसदुसष्ट इंचांचा, म्हणजे साधारण पाच फूट साडेसात इंचांचा होतो. सगळा खेळ घनफळाचा आहे. पावणेचारवरून सहावर गेलात तर उंची १.६ पट वाढते, पण रंगवायचा पृष्ठभाग सुमारे अडीच पट आणि घनफळ चौपटीहून थोडे जास्त. सहावरून बारावर गेलात की घनफळ आठपट.

फिगरपेक्षा हे वाहनाला जास्त लागते. स्टार वॉर्समधले एक्स-विंग विमान साडेबारा मीटर लांबीचे मानले जाते. १:१८ला ते ६९ सेंटिमीटर, १:१२ला १०४. त्यातलेच मिलेनियम फाल्कन हे यान ३४ मीटरच्या वर, म्हणजे १:१८लासुद्धा जवळजवळ दोन मीटर. केनर या खेळणी कंपनीने १९७९मध्ये विकलेला फाल्कन प्रत्यक्षात अर्ध्या मीटरच्या आसपास होता आणि कोणा मुलाने तक्रार केली नाही, कारण दोन फिगर्स कॉकपिटमध्ये बसत होत्या. वाहन डिझाइन करताना नियम आसनाचा असतो. कॉकपिट, दार आणि बंदुकीची जागा फिगरच्या मापाने करायची, उरलेले शरीर खोक्यात मावेल तेवढे दाबायचे. यूएसएस फ्लॅगही तसेच. खरे विमानवाहू जहाज तीनशे मीटरच्या पुढे असते, १:१८ला ते अठरा मीटर झाले असते. पावणेचार इंचांत ही लबाडी खपते. सहा इंचांत फिगरचा चेहरा, पट्टे, खिसे इतके तपशीलवार असतात की शेजारचे दाबलेले वाहन लगेच खोटे दिसते. म्हणून सहा इंची लाइनमध्ये वाहन म्हणून मोटरसायकली जास्त दिसतात.

कारखान्यातले प्रश्नही स्केलप्रमाणे बदलतात. सहा इंची फिगरमध्ये साधारणपणे धड एबीएस या कडक प्लॅस्टिकचे, हात-पाय व डोके मऊ-कडक पीव्हीसीचे, सांध्यातल्या पिना पीओएम या दुसऱ्या कडक प्लॅस्टिकच्या किंवा एबीएसच्या असतात. साच्यातला भाग थंड व्हायला लागणारा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर वेळ चौपट. त्यामुळे बारा इंची मांडी भरीव ओतणे परवडत नाही. ओतलीच तर आतले प्लॅस्टिक आकसून वर खड्डे पडतात. मग ती पोकळ करतात, दोन अर्ध जोडून किंवा फुगवून. हॅस्ब्रोची टायटन हिरो मालिका बारा इंची असूनही १० डॉलरच्या आसपास सुरू झाली ती याच जोरावर: पोकळ शरीर, मान, दोन खांदे, दोन मांड्या असे पाचच सांधे, रंगकाम नावापुरते. मोठा खोका, छोटी किंमत. भेट देणाऱ्या मोठ्या माणसाला तो बरोबर दिसतो.

उलट टोकाला पावणेचार इंचात गुडघ्याची पीन दोन मिलिमीटरच्या आसपास येते. सर्वात जास्त तक्रारी इथून येतात. फवाऱ्याचा रंग सांध्याच्या फटीत उतरतो, वाळून चिकटतो, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा पाय वाकवते तेव्हा सांधा फिरत नाही, पीन पिळली जाऊन तुटते. उपाय दोन. सांधा येतो तो भाग रंगवायचाच नाही, त्याच रंगाच्या प्लॅस्टिकमध्ये ओतायचा. आणि जोडणी रंगकामानंतर करायची. दुसरी तक्रार घोट्यांची. छोटा पीव्हीसी घोटा उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये मऊ पडतो आणि फिगर पुढे झुकते. ब्लिस्टरचा, म्हणजे फिगरवरच्या पारदर्शक कवचाचा, साचा पायाला वाकवत नाही ना, हे पहिल्याच नमुन्यात बघा. गरम पाण्याने तो सरळ होतो, पण असा सल्ला गिऱ्हाइकाला द्यावा लागणे म्हणजे पॅकिंग चुकले.

सुरक्षेचा हिशेबही उंचीशी बांधलेला आहे. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळीत जे मावते ते तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. पावणेचार इंची फिगरचे जवळपास प्रत्येक हत्यार त्यात मावते, म्हणून खोक्यावर वरचे वय आणि गिळण्याच्या धोक्याची सूचना येते. उडणारा भाग असेल तर आणखी जपावे लागते. १९७९च्या बोबा फेट या स्टार वॉर्समधल्या पात्राचे सुटणारे रॉकेट केनरने बाजारात जाण्याआधी रद्द केले, रॉकेट पाठीला घट्ट करून ती फिगर पाठवली. तलवारी आणि अँटेना मऊ ठेवाव्या लागतात त्याही सुरक्षेच्याच कारणाने, आणि मऊ म्हणून त्या वाकतात. त्यांना ट्रेमध्ये सरळ खाच द्या, हातात बसवून पॅक करू नका.

किंमत खालून वर नाही, वरून खाली काढतात. समजा फिगर दुकानात २४.९९ डॉलरला लावायची आहे. दुकानदाराचा वाटा ढोबळमानाने चाळीस ते पन्नास टक्के. कंपनीच्या हाती १३ डॉलर येतात असे धरू. चित्रपटाचा किंवा कॉमिकचा परवाना असेल तर घाऊक रकमेवर रॉयल्टी. १२ टक्के धरली तर दीड डॉलर गेला. साच्याचा खर्च ६०,००० डॉलर धरा आणि ३०,००० नग काढणार असाल तर नगामागे दोन डॉलर. वाहतूक, जाहिरात, दुकानाला द्यावी लागणारी सवलत आणि नफा वजा केला की कारखान्याला देण्याजोगे पाच-सहा डॉलर उरतात. शेल्फवरची किंमत बंदरात पोचलेल्या खर्चाच्या चार ते पाचपट असावी, हा धंद्यातला ठोकताळा यातूनच येतो. तेवढ्यात किती सांधे, रंगाचे किती हात, किती हत्यारे बसतात ते पाहून उंची पक्की होते. बसत नसेल तर आधी हत्यार काढतात, मग रंग, मग सांधे. मी रंग शेवटी काढेन. चेहऱ्याचा रंग फसला तर वीस सांधे असूनही फिगर दुकानाच्या हुकवरच राहते.

साच्याचे ते दोन डॉलर कमी करायची एकच खात्रीची रीत आहे, ती म्हणजे शरीर पुन्हा वापरणे. मॅटेलने १९८२मध्ये मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स साडेपाच इंचांत आणले तेव्हा एकच पिळदार शरीर बऱ्याच पात्रांना वापरले, आणि बॅटल कॅट हा वाघ तर त्यांच्या जुन्या बिग जिम लाइनच्या साच्यातून आला. मार्व्हलच्या सुपरहिरोंची आजची मार्व्हल लेजंड्स ही लाइनही अशीच चालते: काही ठरावीक शरीरे, त्यांवर नवे डोके, नवा पट्टा, नवे हातमोजे. स्केल एकदा बदलले की शरीरांचा हा सगळा साठा निकामी होतो. मोठ्या कंपन्या वर्षानुवर्षे एकाच इंचाला चिकटून राहतात त्याचे मुख्य कारण हेच.

खोक्याचा हिशेब कंटेनरमध्ये मांडा. चाळीस फुटी कंटेनरमध्ये वापरता येणारी जागा साधारण ५८ घनमीटर धरा. खिडकीच्या खोक्यातल्या आठ सहा इंची फिगर्सची पेटी ०.०२ घनमीटर असेल तर २,९०० पेट्या, म्हणजे २३,२०० फिगर्स. भाडे ३,००० डॉलर असेल तर नगामागे १३ सेंट, १५,००० झाले तर ६५ सेंट. २०२१मध्ये चीन ते अमेरिका मार्गावरची भाडी अनेक पटींनी चढली तेव्हा बारा इंची आणि मोठ्या खोक्यांवर नगामागे जास्त बोजा पडला, पुठ्ठ्याच्या कार्डावरच्या पावणेचार इंची फिगर्सना त्या मानाने कमी झळ बसली. खोक्याची खिडकीही साधी गोष्ट नाही. हॅस्ब्रोने प्लॅस्टिक घटवण्यासाठी २०२२मध्ये सहा इंची फिगर्स बंद खोक्यात आणल्या. गिऱ्हाइकाला चेहरा बघून निवडता येईना, आणि आतली फिगर बदलून खोका परत करणाऱ्यांचे फावले. २०२३मध्ये कंपनीने खिडकी परत आणायचे जाहीर केले.

दुकानाच्या बाबतीत सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हुक. साखळी दुकान फिगरला नाही, हुकाला जागा देते, आणि त्याचा संगणक बहुतेक वेळा पेटीतल्या सगळ्या पात्रांना एकाच क्रमांकाने ओळखतो. समजा आठच्या पेटीत नायक तीन, खलनायक दोन, दोन साथीदार आणि एक दुर्मीळ पात्र आहे. पहिल्या आठवड्यात खलनायक आणि दुर्मीळ पात्र जाते, मग साथीदार, आणि हुकावर तीन नायक लटकत राहतात, कारण ते मागच्या पेटीतही होते आणि घरोघरी आहेत. संगणकाला साठा तीन दिसतो. दोनवर आल्याशिवाय नवी मागणी जात नाही. दुसरी फेरी, म्हणजे मालाची पुढची खेप, गोदामात पडून, दुकानात लोक विचारत येतात आणि परत जातात, आणि सहा महिन्यांनी खरेदी अधिकारी म्हणतो की ही लाइन उठत नाही. लाइन मरते ती मागणी नसल्यामुळे नाही, तीन नगांमुळे.

"स्त्रीपात्रांच्या फिगर्स विकल्या जात नाहीत" हा जुना समजही मला याच हिशेबाचा दोष वाटतो. पेटीत एकच नग घालायचा, तो पहिल्या दिवशी जातो, आणि एका क्रमांकाखाली सगळी विक्री मोजली की तो कोणाला दिसतच नाही.

यावर उपाय आहेत. मोठ्या दुकानाला प्रत्येक पात्रासाठी वेगळा क्रमांक मागा. ऑनलाइन विक्रीत तो सहज मिळतो, हुकावर भांडून घ्यावा लागतो. ठरलेल्या तारखेला उरलेल्या नगांची किंमत उतरवण्याचे पैसे आधीच करारात ठेवा, रडतखडत नंतर देऊ नका. दुसऱ्या फेरीत नायकाचा नग एकावर आणा. आणि टॉय बिझ या कंपनीने २००५मध्ये मार्व्हल लेजंड्समध्ये आणलेली युक्ती लक्षात घ्या: त्या फेरीतल्या फिगर्सच्या खोक्यांत अवाढव्य गॅलॅक्टसचे सुटे भाग होते, सगळे जमवले की तो उभा राहायचा. कमी मागणीच्या पात्राच्या खोक्यात धड ठेवले की तेही उचलले जाते. शिवाय हुकावर कधीच न मावणारे पात्र वेगळ्या खोक्याशिवाय, वेगळ्या किंमतीशिवाय दुकानात पोचते. सहा इंचांत हल्कसारख्या पात्रांची अडचण यापेक्षा चांगली कोणी सोडवलेली नाही.

परवान्याचे करारही आता इंचांत वाटले जातात. डीसी या कॉमिक कंपनीची (बॅटमॅन, सुपरमॅन) पात्रे २०२०मध्ये स्पिन मास्टर या कंपनीकडे चार आणि बारा इंचांत गेली, मॅकफार्लेन या दुसऱ्या कंपनीकडे सात इंचांत. चार आणि बारा इंची मुलांसाठी, सात इंची जमवणाऱ्यांसाठी. एकच हुक, एकच गिऱ्हाईक यावरून अशा वाटणीत दोघांत मारामारी होत नाही. परवाना मागायला जाताना म्हणून आधी कोणती उंची रिकामी आहे ते विचारा. कधी कधी सात इंच निवडण्याचे एकमेव कारण सहा इंच दुसऱ्याकडे आहे हेच असते. जकातीतही पात्राचा फरक पडलेला आहे: अमेरिकेत माणसाची बाहुली आणि इतर खेळणी यांना वेगळे दर होते, आणि २००३मध्ये तिथल्या व्यापार न्यायालयाने टॉय बिझच्या एक्स-मेन फिगर्स माणसे नाहीत, म्हणून कमी दराची खेळणी, असा निकाल दिला.

दुकान टाळून आगाऊ नोंदणीने विकणे हा आता तिसरा मार्ग आहे, आणि तिथेही स्केल आडवे येतेच. हॅस्ब्रोने २०१८मध्ये स्टार वॉर्समधली जब्बाची सेल बार्ज ही मोठी नौका पावणेचार इंची फिगर्ससाठी ४९९.९९ डॉलरला मांडली. किमान ५,००० नोंदी हव्या होत्या, ८,८१० आल्या. २०२१मध्ये सहा इंची लाइनसाठी रँकॉर हा राक्षस ३४९.९९ डॉलरला मांडला. ९,००० हव्या होत्या, त्या आल्या नाहीत आणि तो रद्द झाला. बार्जमध्ये गिऱ्हाइकाने आधी जमवलेल्या डझनावारी फिगर्स उभ्या राहतात. रँकॉर एकटाच उभा राहतो, आणि सहा इंची लाइन जमवणाऱ्याकडे त्याला ठेवायला फळी नसते. त्या किंमतीत काय मिळते यावरून नाराजीही झाली, पण मुळात पुढची विक्री फिगरची असलेल्या स्केलमध्ये प्राणी विकायला गेल्याने काम अवघड झाले होते.

छोट्या कंपनीसाठी, स्वतःची पात्रे आणि बेताचे भांडवल असेल तर, मी १:१२ सुचवेन. लोकांच्या फळीवर त्या मापाच्या फिगर्स आधीच उभ्या आहेत, तुमची त्यांच्यात मिसळते. एक पुरुषी आणि एक स्त्री अशी दोनच शरीरे करा, त्यांवर चार ते सहा पात्रे बसवा, आणि वाहनाचा विचार पहिली दोन वर्षे करू नका. तुमच्या कल्पनेचा जीव यानात किंवा किल्ल्यात असेल तर मात्र पावणेचारच घ्या, पाच सांध्यांची साधी फिगर करा आणि वाचलेला पैसा यानाच्या साच्यात घाला. सात इंच परवान्याची सक्ती असेल तरच. बारा इंच पोकळ खेळणे म्हणून मोठ्या दुकानाशिवाय चालत नाही, आणि जमवणाऱ्यांसाठी केले तर शिवणकाम, चेहऱ्याचे रंगकाम यांचे कारागीर हाताशी लागतात.

वेळ बारा ते अठरा महिने धरा. नाताळच्या हंगामासाठी माल जुलै-ऑगस्टमध्ये जहाजावर चढायला हवा, म्हणजे उत्पादन मे-जूनला, आणि साचे आदल्या वर्षाअखेर कापायला दिलेले. मध्ये चिनी नववर्षाला कारखाने दोन ते चार आठवडे बंद असतात आणि सुट्टीनंतर बरेच कामगार परत येत नाहीत. सुट्टीनंतरच्या पहिल्या मालात रंगाच्या चुका हमखास जास्त सापडतात, तेव्हा तपासणी दुप्पट करा. घाई करून हा काळ आवळता येत नाही. स्टार वॉर्स मे १९७७मध्ये आला आणि केनरकडे नाताळला विकायला एकही फिगर नव्हती. त्यांनी प्रमाणपत्र घातलेला पुठ्ठ्याचा लिफाफा विकला आणि चार फिगर्स १९७८मध्ये टपालाने पाठवल्या. तेवढी मागणी मागे असेल तरच असे निभते.

पहिला माल स्वतःच्या आगाऊ नोंदणीवर काढा. जेवढ्या नोंदी तेवढे नग, वर दहा टक्के, बदली नगांसाठी. मोठ्या साखळीकडे दुसऱ्या फेरीनंतर जा, कारण तिची देयके साठ ते नव्वद दिवसांनी येतात, सवलतीचे पैसे त्यातूनच कापले जातात, आणि कारखाना मात्र तुमच्याकडून आगाऊ मागतो. साखळीने फक्त त्यांच्यासाठीची खास फिगर मागितली तर जुन्याच साच्यावर नवा रंग देऊन ती करा, आणि त्या पूर्ण नगसंख्येची खरेदी लेखी घ्या. मुख्य पात्र कधीही एका दुकानाच्या हवाली करू नका. ते जिथे मिळत नाही तिथली बाकीची पाच पात्रेही हुकावरच राहतात.